काळ्यात काळे ओळखता आले पाहिजे

एखादी गोष्ट पक्की ठरली की आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. छापून हातात आलेल्या कागदाबद्दलही आपली समजूत तीच असते. छापले म्हणजे राहिले, आता कुठे जात नाही. पण घरच्या प्रिंटरवर चकचकीत कागद घालून काही छापून पाहा. बोट लागले की काळा रंग फरफटतो, वरच्या कागदाला चिकटतो, कधी तपकिरी दिसतो तर कधी हिरवट. शाई नवी, कागद महागाचा, आणि अक्षर मात्र धुरकट.

शाईच्या या तक्रारीशी डॉक्टरचा काय संबंध, असे कुणीही विचारेल. संबंध रोजचा आहे. क्ष-किरण तपासणी डिजिटल झाल्यापासून छायाचित्र थेट मोबाइलवर येते. मग घरातला मुलगा किंवा पुतण्या ते फोटो पेपरवर छापतो, नाहीतर बाजारातल्या सेवा केंद्रातून छापून आणतो. ‘साहेब, साध्या कागदावर नाही, चांगल्या कागदावर काढलाय,’ असे सांगत तो कागद टेबलावर येतो. भावना चांगली असते, पैसेही गेलेले असतात. आणि छातीच्या चित्रात उजव्या फुफ्फुसावर जो काळा पट्टा दिसतो, तो आजार आहे की पुसलेली शाई, हे ठरवण्यात वेळ जातो.

आपल्या पूर्ण्यासारख्या गावात हा प्रश्न जास्त बोचतो. गाव जंक्शनचे आहे. तब्येत बिघडली की जी गाडी आधी मिळेल तिने माणूस परभणीला तरी जातो नाहीतर नांदेडला. तिथल्या डॉक्टरने त्याला पूर्वी कधी पाहिलेले नसते. बरोबर आलेला नातेवाईक घाबरलेला असतो, गोळ्यांची नावे त्याला सांगता येत नाहीत. अशा वेळी पिशवीतली फाइलच रुग्णाच्या वतीने बोलते. त्या फाइलमधले काळे अक्षर टिकले नसेल, तर रुग्ण मुका होतो. म्हणून माझे म्हणणे साधे आहे: वैद्यकीय कागदाला चकचकीतपणाची गरज नाही, वाचता येण्याची आहे. आणि तो वाचता येईल असा देणे ही आधी रुग्णालयाची जबाबदारी आहे, घरच्या प्रिंटरची नंतर.

शाई दोन जातींची

घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये शाई दोन प्रकारची असते. एकीला ‘डाय’ म्हणतात. तिच्यात रंग पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळलेला असतो. दुसरी ‘पिगमेंट’. तिच्यात रंगाचे अतिशय बारीक कण द्रवात नुसते तरंगत असतात. काळ्या पिगमेंट शाईतले कण म्हणजे कार्बन, म्हणजे एका अर्थाने काजळीच. बऱ्याच घरगुती प्रिंटरमध्ये रंगीत शाया डाय प्रकारच्या आणि काळी तेवढी पिगमेंट असते. कारण सरळ आहे. साध्या कागदावर हे कण वरच्या धाग्यांत अडकून बसतात, अक्षर ठसठशीत उमटते आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा पसरत नाही.

चकचकीत कागदाची रचना वेगळी. त्याच्या वर एक लेप असतो. काही कागदांचा लेप शाई पिऊन फुगतो, तर काहींच्या लेपात सिलिका किंवा अॅल्युमिनाची सूक्ष्म छिद्रे असतात आणि शाई त्यांत शिरते. विरघळलेला रंग या लेपात सहज मुरतो. पिगमेंटचे कण मात्र आत न शिरता वरच साचतात. फरशीवर सांडलेल्या राखेसारखी त्यांची गत होते. हात फिरला की निघाले.

म्हणूनच प्रिंटरला आपण ‘फोटो पेपर’ घातल्याचे सांगितले, तर अनेक प्रिंटर काळी पिगमेंट शाई बाजूला ठेवतात आणि निळी, किरमिजी व पिवळी या तीन शाया मिसळून काळा रंग तयार करतात. न सांगता नुसता चकचकीत कागद घातला, तर प्रिंटर तो साधाच समजतो आणि भरपूर काळी शाई ओततो. घरोघरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे. प्रिंटर बिघडलेला नसतो, त्याला कागदाची ओळखच करून दिलेली नसते.

आपल्याकडे ही गोष्ट पूर्वीच्या लोकांना चांगली ठाऊक होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. हातकागदाला लिहिण्याआधी खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत. तोही एक लेपच. त्यावर चालायची ती काजळी आणि डिंकाची शाई आणि बोरू. कागदाची घोटाई, शाईचा दाटपणा आणि बोरूची चाल यांचा मेळ बसलेला होता. अशा काळ्या शाईतली मोडी दफ्तरे आजही वाचली जातात. लेप असलेला कागद वाईट नसतो. त्याची शाईशी सोयरीक जमलेली असावी लागते.

लक्षणांवरून निदान

आम्ही डॉक्टर जसे लक्षणांवरून आजाराकडे जातो, तसेच इथेही जाता येते. आधी पुसट रंगाची तक्रार घेऊ. छापून तासभर झाला तरी काळे बोटाला लागत असेल, तर सेटिंगमधला ‘पेपर टाइप’ पाहा. तिथे ‘प्लेन पेपर’ असेल तर ‘ग्लॉसी’ किंवा ‘फोटो पेपर’ निवडा. तरीही वाळत नसेल तर कागदाचे पाकीट तपासा. लेझर प्रिंटरसाठीचा चकचकीत कागद इंकजेटमध्ये घातला तर शाई मुरायला जागाच मिळत नाही. याउलट इंकजेटचा फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालूच नये. लेझरमध्ये टोनरची भुकटी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून कागदावर दाबतात. त्या उष्णतेने लेप वितळून आतल्या रोलरला चिकटू शकतो.

काळा रंग काळा न दिसता भलत्याच छटेचा येत असेल, तर तो तीन रंगांच्या मिश्रणातून बनतो आहे आणि त्यातला एखादा कमी पडतो आहे. हिरवट दिसला तर किरमिजी शाई येत नाही. लालसर दिसला तर निळी येत नाही. निळसर दिसला तर पिवळी अडकली. ‘नोझल चेक’चा कागद काढला की कोणती रेघ तुटते ते कळते. उन्हाळ्यात महिनाभर प्रिंटर बंद राहिला तर आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत शाई तोंडाशीच वाळते. ‘हेड क्लीनिंग’ एकदा-दोनदा करावे, मग काही तास थांबावे. सारखे करत राहिले तर शाई संपते आणि गुण येत नाही. आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पावसाळ्यात उलटी तक्रार येते. हवा दमट असली की लेप वाळायला वेळ घेतो. छापलेले कागद एकावर एक न ठेवता पसरून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालण्यापूर्वी एक दिवस जाऊ द्या. कागदाची लेपाची बाजू कोणती हे कळत नसेल, तर किंचित ओलसर बोट कोपऱ्यावर टेकवा. जी बाजू जराशी चिकटते ती छापायची.

या दुरुस्तीच्या नादात घडणारी एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायलाच हवी. शाई भरण्यासाठी किंवा तुंबलेले तोंड मोकळे करण्यासाठी इंजेक्शनची सिरिंज सर्रास वापरली जाते. दवाखान्यातून आणलेली, वापरलेली सुई तर हातातही घेऊ नका. ती बोटात घुसली तर कावीळ ‘बी’, ‘सी’ किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. शाई भरायला नवी, बिनसुईची सिरिंज किंवा बाटलीचेच तोंड पुरते. शाईच्या बाटल्या रंगीत पाण्यासारख्या दिसतात, त्या मुलांच्या हाती लागू नयेत अशा ठेवा. मुलाने शाई प्यायली तर उलटी करवू नका. तोंड पुसा आणि बाटलीसह दवाखान्यात या.

उत्तम छापले तरी

आता समजा, सगळे जमले. कागद योग्य, सेटिंग योग्य, काळा रंग गडद आणि कोरडा. तरी तो कागद क्ष-किरण फिल्मची जागा घेत नाही. हा मुद्दा नातेवाइकांना पटवणे सर्वांत अवघड जाते.

फिल्म आपण उजेडासमोर धरून पाहतो. तिच्यातला सर्वांत काळा भाग पलीकडच्या प्रकाशाचा जेमतेम हजारावा हिस्सा येऊ देतो. कागद मात्र त्याच्यावर पडलेला उजेड परत फेकतो. चकचकीत कागदावरचा उत्तम काळा रंगही साधारण शंभरावा हिस्सा परत पाठवतो, आणि साध्या कागदावरचा तर विसाव्याच्या आसपास. म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा जो जिना फिल्मवर उंच असतो, तो कागदावर बुटका होतो. मूळ डिजिटल चित्रात राखाडीच्या हजारांहून अधिक छटा असतात. मोबाइलवर साध्या फोटोच्या रूपात ते पाठवले की २५६ उरतात. वॉट्सअॅपवरून गेले की चित्र आणखी दाबले जाते.

याने काय बिघडते? हाड पांढरे असते, ते दिसते. मोठे फ्रॅक्चर कागदावरही दिसते. पण फुफ्फुस हवेने भरलेले, म्हणून चित्रात काळे. अपघातात बरगडी मोडून फुफ्फुसाला भोक पडले आणि हवा बाहेर छातीच्या पोकळीत साचली, तर ती जागा त्याहून काळी. डॉक्टरला शोधायची असते ती या दोन काळ्यांमधली केसाएवढी कड. काही वेळा त्या कडेवर जीव अवलंबून असतो. घरच्या प्रिंटने दोन्ही काळे एक करून टाकले, की ती कड नाहीशी होते. क्षयरोगाचा सुरुवातीचा, गळ्याच्या हाडामागे लपलेला पुसट डाग असाच हरवतो. तुंबलेल्या नोझलमुळे उमटलेली आडवी पांढरी रेघ नसलेली शंका निर्माण करते ती वेगळीच.

म्हणून कागदावर छापलेला एक्स-रे घेऊन ‘यावरून सांगा’ असा आग्रह धरू नये. डॉक्टरने ‘मूळ फाइल आहे का?’ असे विचारले तर तो टाळाटाळ करतो आहे असे समजू नये. फाइल, सीडी किंवा फिल्म द्या. मोबाइलवर मागवायचेच असेल तर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ते दाबले जात नाही.

उष्णतेने काळा होणारा कागद

लेपाच्या कागदाचा आणखी एक प्रकार आपल्या फाइलीत असतो आणि त्याला शाई लागतच नाही. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे छोटे चकचकीत चित्र बहुधा थर्मल कागदावर येते. त्याच्या लेपात रंगहीन रसायन असते. साधारण ७० ते १०० अंशांची उष्णता मिळाली की ते काळे पडते. यंत्रातली तापलेली टोके तेवढेच तापवतात जेवढे काळे हवे.

ज्या कागदाला उष्णता लिहिते, त्याला उष्णताच पुसटही करते आणि काळाही. उन्हात, गाडीच्या डिकीत, मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा चिकटपट्टीखाली ठेवलेला ईसीजी हळूहळू उडून जातो. सॅनिटायझरचा थेंब पडला तर डाग पडतो. आणि लोक प्रेमाने जे करतात ते सर्वांत घातक: लॅमिनेशन. महत्त्वाचा कागद म्हणून दुकानात नेऊन तापत्या रोलरमधून काढला, की सबंध पट्टी काळीठिक्कर होऊन बाहेर येते. एका मिनिटात हृदयाची नोंद नष्ट.

जुन्या ईसीजीची किंमत काय, असे वाटेल. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या ईसीजीत बदल दिसला, तर तो आजचा की पाच वर्षांपूर्वीचा हा प्रश्न पहिल्या काही मिनिटांत सोडवायचा असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे ठरवताना जुनी पट्टी मोलाची ठरते. म्हणून ईसीजी काढला त्याच दिवशी साध्या कागदावर त्याची झेरॉक्स काढा. झेरॉक्समधला टोनर म्हणजे कार्बन मिसळलेले प्लॅस्टिक. ते कागदात वितळून बसते, सहसा उडत नाही. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, आकार शंभर टक्केच असू द्या. ईसीजीतला लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो, नेहमीच्या वेगाला तो ०.०४ सेकंद दाखवतो. प्रतीत फिकट गुलाबी चौकोन उडाले आणि आकारही बदलला, तर मोजायला काहीच उरत नाही. झेरॉक्सवाल्याला गडदपणा थोडा वाढवायला सांगा. कागद थर्मल आहे का, हे ओळखायचे असेल तर कोपऱ्यावर नखाने जोरात ओढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल.

जबाबदारी कुणाची?

हे सगळे वाचून ‘आता आम्ही हेही शिकायचे का?’ असा सवाल कुणी केला तर तो रास्त आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने पेपर टाइपचे सेटिंग शिकावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. फिल्म महाग आहे आणि संगणकाच्या पडद्यावर चित्र अधिक चांगले दिसते, हे आम्ही सरकारी रुग्णालयातले लोक सांगतो, आणि ते खरे आहे. पण पडदा रुग्णालयात राहतो आणि रुग्ण गाडीत बसून पुढे जातो. त्याच्या हातात काय दिले, याचे उत्तर आम्हीच दिले पाहिजे.

नियमही तेच सांगतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. २०१६ मध्ये त्याच नियमांत दुरुस्ती होऊन औषधचिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी, असे आले. सुवाच्यतेचा हा आग्रह डॉक्टरच्या हस्ताक्षरापुरता का थांबावा? प्रिंटरच्या काळ्या रंगालाही तो लागू व्हावा. डिस्चार्ज कार्ड साध्या कागदावर, लेझर प्रिंटरवर छापलेले असावे. एक्स-रेबरोबर त्यात काय दिसले याच्या चार ओळी, डॉक्टरची सही आणि तारीख असावी, कारण चित्र पुसले तरी शब्द वाचता येतात. ईसीजीची थर्मल पट्टी देताना तिची प्रत जोडूनच द्यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक झेरॉक्स मशीन आणि एक सवय लागते.

‘आता सगळे मोबाइलमध्ये असते, कागद हवा कशाला?’ हा आक्षेपही ऐकू येतो. डिजिटल नोंदी मला हव्याच आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मोहीम सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे आणि तिचा फायदा होणारच. पण रात्री दोनला आजोबांना घेऊन निघालेल्या घरात ज्याच्या मोबाइलमध्ये फोटो आहेत तो मुलगा पुण्यात असतो, किंवा मोबाइलची बॅटरी संपलेली असते. कागदाला चार्जिंग लागत नाही.

तेव्हा घरी एक छोटे काम करा. फाइल काढा. थर्मल पट्ट्या वेगळ्या करून त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढून घ्या आणि मूळ पट्टी कागदी पाकिटात ठेवा. एका पांढऱ्या कागदावर रुग्णाचे नाव, वय, आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद सर्वांत वर लावा. फोटो पेपर लग्नाच्या आणि बारशाच्या फोटोंसाठी राहू द्या, तिथे तो शोभतो. आणि पुढच्या वेळी रुग्णालयातून निघताना कागदावरून एकदा बोट फिरवून पाहा. बोट काळे झाले, तर तिथेच, खिडकीशी उभे राहून दुसरी प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.